दप्तरातला पणजोबा, दप्तराबाहेरची पणजी

गावाकडच्या पणजोबांचा माग काढायचा असेल तर कचेरीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला दोन गोष्टी विचाराव्यात. सुतक कोणाकोणाचं धरतो? आणि कुलदैवत कुठलं? सुतकावरून भावकी कुठवर पसरली आहे ते कळतं. आडनाव बदललेली, परगावी जाऊन राहिलेली घरंही त्यात येतात. कुलदैवत जेजुरी किंवा तुळजापूर निघालं तर फारसा उलगडा होत नाही, कारण अर्ध्या महाराष्ट्राचं तेच असतं. पण घाटावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं घर कोकणातल्या एखाद्या आडगावच्या देवीला ओटी भरायला जात असेल, तर मूळ गाव तिकडे शोधावं.

मग कागद. आपल्याकडे शेतकऱ्याविषयी सर्वांत जास्त लिहून ठेवलं ते सारा वसूल करणाऱ्यांनी. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात बसवलेली मोजणीची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. त्यामुळे जमिनीचा धागा धरला की माणूस सापडतो. आजचा सातबारा मात्र आजचीच स्थिती सांगतो. इतिहास असतो फेरफारात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये. जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे दिसतात, ते फेरफारांचे नंबर. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्यांच्या नकला काढत एकेक पायरी मागे जायचं. वाटेत एक अडथळा हमखास येतो. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर कुठल्या गटात गेला, ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाच्या तक्त्यावरून कळतं.

वारसाचा एखादा जुना फेरफार सावकाश वाचून पाहावा. खातेदार मयत. वारस मुलगा, वय 6, अज्ञान. पालनकर्ती आई. शेवटच्या रकान्यात सर्कलची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची, सही आणि ‘मंजूर’. जेमतेम चार ओळी. पण घरातला कर्ता माणूस ऐन उमेदीत गेला, पोर लहान होतं आणि शेत त्या बाईनं राखलं, हे सगळं त्यात आहे. पुढचाच फेरफार गहाणखताचा निघाला, तर त्या घरानं काय सोसलं ते कोणी वेगळं सांगायला नको. नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे मागे भाऊ आहेत, फक्त त्यांची नावं कागदावर आलेली नाहीत.

या नोंदींत आडनाव शोधत बसू नये. ‘वलद’ किंवा ‘बिन’ पुढे बापाचं नाव, ‘कोम’ पुढे नवऱ्याचं, एवढ्यावर माणूस ओळखायचा. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. तीच जोडी एका गावात दोनदा, तीनदा येते. वंशावळ लिहिताना प्रत्येक नावाशेजारी सर्व्हे नंबर लिहिण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे दोन पिढ्यांची गल्लत होत नाही.

मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही. घरात ‘मानमोडीच्या साथीत माणसं गेली’ अशी आठवण असेल तर 1918 च्या शेवटच्या महिन्यांची पानं आधी काढावीत. हे जुने कागद बहुतेक मोडीत असतात. मराठवाड्यात उर्दूशी गाठ पडते आणि साल फसली असतं. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक धरून. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली. जातीच्या दाखल्यासाठी का होईना, लोक पणजोबांची नावं विचारू लागले याचं मला मनापासून बरं वाटतं.

पण हे झालं जमीनवाल्यांचं. ज्यांच्या नावावर गुंठाभरही नव्हता त्यांचं काय? गावकीच्या चाकरीत असलेल्या घरांची नावं वतनाच्या कागदांत मिळतात. महार वतनं खालसा होताना झालेल्या नोंदी तर जरूर पाहाव्यात. शाळेचं जनरल रजिस्टर हा असाच दुर्लक्षित खजिना. सातारा, रत्नागिरीकडचा कोणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव मिळू शकतं. काही नावांपुढे बापाचं नाव आणि गावही असतं. कोल्हापूर, सांगलीकडे हेळवी सुगीनंतर दारात येतात आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात. हेळव्याला पसाभर धान्य देऊन वाटेला लावू नये. त्याला बसवून घ्यावं, चहा द्यावा आणि तो सांगेल ते तिथल्या तिथे लिहून घ्यावं.

राहते पणजी. तिचं माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरच्या कागदावर ती बहुधा विधवा झाल्यावरच आली. तिच्यासाठी नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जावं. त्यांच्या बह्या गावावार आणि घराण्यावार लावलेल्या असतात. श्राद्धात बापाच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजी यांचाही उच्चार लागतो, त्यामुळे बायकांची नावं तिथे मिळण्याची शक्यता जास्त. घरात श्राद्धपक्ष होत असेल तर नावांचा जुना कागद देवघरातच सापडेल.

आजीच्या बाबतीत आणखी एक वाट आहे, आणि ती फारसं कोणी धरत नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बापाच्या मागे मुलींची नावंही वारस म्हणून लागू लागली. बहुतेकींनी भावांसाठी हक्कसोड केली. पण हक्क सोडण्यासाठी आधी नाव लागावं लागतं, आणि त्या फेरफारात तिचं सासरचं नाव, बाप, भाऊ, बहिणी सगळे एका जागी येतात. म्हणून आपल्या गावच्या नकलांसाठी अर्ज कराल तेव्हा आजीच्या माहेरच्या गावचाही करा. तिचे वडील कोणत्या साली गेले, एवढं कळलं तरी तलाठ्याला नोंद शोधता येते.