मनी प्लांट
मनी प्लांट (शास्त्रीय नाव: एपिप्रेम्नम ऑरियम) ही सुरण कुलातील (ॲरेसी) सदाहरित आरोही वेल आहे. अळू आणि सुरण ही याच कुलातील परिचित वनस्पती होत. ही वेल मूळची फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरील असून भारतात ती शोभेची वनस्पती म्हणून घरोघरी आढळते. चोरून आणलेली फांदीच चांगली वाढते, असा लोकसमज आहे; प्रत्यक्षात मागून आणलेली फांदीही तितकीच जोमाने वाढते.

वाढीची वैशिष्ट्ये
वेलीच्या प्रत्येक पेरावर हवाई मुळे फुटतात. त्यांच्या साह्याने ती झाडाच्या खोडावर चढते. वर चढणाऱ्या वेलीची पाने मोठी होत जातात व पुढे त्यांच्या कडा कातरल्यासारख्या दिसतात. लोंबत्या वेलीची पाने मात्र लहानच राहतात. म्हणून कुंडीत काथ्या गुंडाळलेला दांडा रोवणे हितावह ठरते. फुले क्वचितच येत असल्याने लागवड फांद्यांपासून करतात. फांदीवर किमान एक पेर असणे आवश्यक आहे. नुसत्या पानाला मुळे फुटली तरी त्यापासून नवी वेल तयार होत नाही.

कोरड्या हवामानातील निगा
उष्ण कटिबंधातील दमट अरण्यात सावलीत वाढणारी ही वेल मराठवाड्यातील उन्हाळा सहज सोसत नाही. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावी कुंडी पश्चिमेच्या खिडकीत ठेवल्यास दुपारच्या उन्हाने पाने करपतात. पूर्वेचे कोवळे ऊन किंवा भरपूर उजेडाची सावली तिला मानवते. उजेड फारच कमी पडल्यास पानांवरील पिवळे पट्टे फिके होऊन पाने हिरवी होत जातात.

या भागातील काळी माती कपाशीला उत्तम असली, तरी कुंडीत ती एकटी वापरू नये. ओली असता ती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. वाळल्यावर तिला भेगा पडतात आणि घातलेले पाणी भेगांतून खाली निघून जाते. तिच्यात वाळू, कुजलेले शेणखत व नारळाचा भुसा मिसळावा. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. तेवढी माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पाणीटंचाईच्या काळात भाज्या धुतलेले पाणीही चालते. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने मातीवर पांढरा थर साचतो व पानांच्या कडा तपकिरी होतात. अशा वेळी वरची माती बदलावी.

दक्षता
वेल बाटलीतील पाण्यात वाढवण्याची पद्धत रूढ आहे. अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास अनुकूल हवामानात साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून पाणी आठवड्यातून एकदा बदलणे अनिवार्य समजावे. अंडी काचेला चिकटून कोरडी राहिली तरी अनेक महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून न देता बाटली आतून घासावी. कुंडीखालच्या ताटलीलाही हेच लागू पडते.

पानांत व खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चा अळू खाल्ल्यावर घसा खवखवतो, तो याच द्रव्यामुळे. पान चावल्यास तोंडात जळजळ होते व सूज येते. रांगती मुले, कुत्री व मांजरे यांच्या आवाक्याबाहेर वेल टांगावी आणि छाटलेले तुकडे जमिनीवर पडू देऊ नयेत.