चकाकतं ते सगळं ‘प्रूफ’ नसतं!

व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा चांदीचा रुपया आरशासारखा चमकतोय, म्हणून विक्रेता ‘प्रूफ’ सांगून जादा किंमत मागतो. जरा थांबा! वजन दोन्हींचं सारखंच, सुमारे ११.६६ ग्रॅम. फरक असतो घडणीत. चलनातली नाणी टांकसाळीत भराभर, एकाच ठोक्यात पाडत. प्रूफसाठी मात्र ठसे आणि चकत्या घासून चकचकीत करत आणि बहुधा एकाहून अधिक ठोके देत. त्यामुळे मोकळा भाग आरशासारखा, तर अक्षरं नि कडा धारदार उठतात. पॉलिश केलेलं नाणंही चमकतं. पण भिंगातून बारीक ओरखडे आणि बोथट अक्षरं दिसतात. तेव्हा आजीच्या डब्यातला रुपया चिंच-रांगोळीने घासू नका. झळाळी येईल, मोल जाईल!