आपलाच वैमानिक, आपलाच ‘शत्रू’



दमणच्या तटरक्षक दलाच्या हवाई तळावरची डॉर्निअर विमाने आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लढाऊ विमान मात्र आपल्याला बहुधा २६ जानेवारीला टीव्हीवरच दिसते. नववीच्या मुलांनी वर्गात एक चांगला प्रश्न विचारला होता. युद्ध काही रोज होत नाही, मग लढाऊ वैमानिक हवाई लढाई शिकतो कोणाशी? या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत मावणारे नाही, म्हणून या अंकात हा लेख.

कुस्तीचे उदाहरण घेऊ. तालमीत रोज त्याच जोडीदाराशी लढत राहिले की त्याचे डाव पाठ होतात, आणि आपल्याला वाटते की आपण तयार झालो. जत्रेच्या फडात दुसऱ्या गावचा पहिलवान समोर आला की पहिल्याच मिनिटाला पाठ मातीला लागते. वैमानिकांचेही तसेच होते. एकाच स्क्वॉड्रनचे, एकाच जातीचे विमान उडवणारे दोघे आपसांत लढले तर दोघांच्या विमानांचा वेग सारखा, वळण सारखे आणि शिकवणही सारखी. खरा शत्रू असा नसतो. त्याचे विमान वेगळे आणि विचार करण्याची रीतही वेगळी. म्हणून मोठ्या हवाई दलांनी काही निवडक वैमानिकांना कामच दिले की तुम्ही शत्रू व्हा. शत्रूच्या विमानाशी मिळतेजुळते विमान घ्या, त्याच्या पद्धतीने उडा आणि आपल्याच लोकांना हरवून दाखवा. इंग्रजीत अशा तुकडीला ‘अ‍ॅग्रेसर’ किंवा ‘अ‍ॅडव्हर्सरी’ स्क्वॉड्रन म्हणतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे याला नेमका मराठी शब्द शोधताना थोडा अडलो. ‘सरावाचा शत्रू’ म्हटले तर सर्वांना समजेल असे वाटते.

ही कल्पना रुजली ती व्हिएतनाम युद्धात. अमेरिकेजवळ वेगवान विमाने होती, क्षेपणास्त्रेही होती. तरीही छोट्या, चपळ मिग-१७ आणि मिग-२१ विमानांपुढे त्यांचे वैमानिक अपेक्षेपेक्षा जास्त पडू लागले. कारण असे की क्षेपणास्त्र आले म्हणजे जवळची लढाई संपली, असे धरून त्या लढाईचे शिक्षणच कमी झाले होते. १९६९ साली अमेरिकन नौदलाने कॅलिफोर्नियातील मिरामार येथे ‘टॉप गन’ शाळा सुरू केली. तिथे शिक्षक छोटी स्कायहॉक विमाने घेऊन मिगची भूमिका करीत. त्याआधी शत्रूची दोन-अडीच विमाने पाडताना स्वतःचे एक जात असे. पुढे हे प्रमाण बारास एकच्या घरात गेले, असे साधारणपणे सांगितले जाते. वायुसेनेनेही १९७२ मध्ये अशी तुकडी उभी केली. पहिल्या दहा लढायांतून जो वाचतो तो पुढे बहुधा वाचतो, असे त्यांच्या अभ्यासात दिसले होते. मग त्या पहिल्या दहा लढाया सरावातच का देऊ नयेत? या विचारातून १९७५ मध्ये ‘रेड फ्लॅग’ सराव सुरू झाला. २००८ साली आपली सुखोई विमानेही त्यात भाग घेऊन आली.

(१९८६ च्या ‘टॉप गन’ चित्रपटातील काळे ‘मिग-२८’ ज्यांना आठवते त्यांच्यासाठी: असे विमान अस्तित्वातच नाही. ते रंगवलेले अमेरिकन एफ-५ होते, आणि खऱ्या सरावात शत्रूची भूमिका करण्याचे काम हे एफ-५ बरीच वर्षे करीत आले आहे.)

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतीय वायुसेनेने १ फेब्रुवारी १९७१ रोजी पंजाबात आदमपूर येथे मिग-२१ व सुखोई-७ विमाने घेऊन अशी एक संस्था उभी केली. डावपेच तयार करणे आणि ते शिकवणे हे तिचे काम. दहा महिन्यांतच युद्ध झाले आणि शिक्षकांनाच लढायला जावे लागले. रात्रीच्या अंधारात, अगदी कमी उंचीवरून, एकेकट्या विमानाने शत्रूच्या धावपट्ट्यांवर हल्ले करण्याची मोहीम त्यांनी पार पाडली. ही संस्था पुढे आपल्या शेजारच्या जामनगरला गेली आणि २००० च्या सुमारास ग्वाल्हेरला स्थिर झाली. तिचे आजचे छोटे नाव ‘टॅकडी’. ग्वाल्हेर म्हणजे शिंद्यांचे शहर, मराठी माणसाला ते परके नाही. देशभरातल्या स्क्वॉड्रनमधून निवडलेले थोडेच वैमानिक तिथल्या अभ्यासक्रमाला जातात आणि शिकून आपापल्या स्क्वॉड्रनला शिकवतात. जमिनीवरून रडार पाहून वैमानिकाला दिशा देणारे अधिकारीही तिथेच तयार होतात.

प्रत्यक्षात हे किती कठीण आहे ते गणिताने पाहू. दोन विमाने ताशी ९०० किमी वेगाने समोरासमोर येत असतील तर अंतर ताशी १८०० किमीने, म्हणजे सेकंदाला ५०० मीटरने कमी होते. सिल्वासा ते वापी १८ किमी धरा. तेवढे अंतर ३६ सेकंदांत संपले! तेवढ्या वेळात समोरचा कोण, किती, कुठे वळणार हे ठरवायचे असते. मग वळण. ६ जी भार सोसून ताशी ९०० किमीने वळणाऱ्या विमानाच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे १०८० मीटर येते, ताशी ७२० किमीने वळले तर सुमारे ६९० मीटर. म्हणजे हळू जाणारा आतून कापून मागे येऊ शकतो. पण फार हळू झाला तर पंखांना तेवढा भार घेता येत नाही आणि तोच सावज होतो. अकरावीच्या मुलांनी वर्तुळाकार गतीचे सूत्र घेऊन हे आकडे पडताळून पाहावेत. ६ जी म्हणजे ७० किलोच्या माणसाला आपले वजन ४२० किलो वाटते, हेही लक्षात घ्या. त्या अवस्थेत मान वळवून मागे पाहायचे असते.

या सरावात गोळी किंवा क्षेपणास्त्र सुटत नाही. उपकरणे सर्व नोंदवतात. किती उंचीखाली जायचे नाही, एकमेकांच्या किती जवळ यायचे नाही, हे आधी ठरते, आणि कोणालाही धोका वाटला तर तो रेडिओवर सराव थांबवू शकतो. खरे शिक्षण जमिनीवर उतरल्यावर होते. तासभराच्या उड्डाणाची चिरफाड कित्येक तास चालते. तिथे हुद्दा पाहिला जात नाही, कनिष्ठाने वरिष्ठाची चूक सांगायची असते. आपल्याकडे म्हणतात की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. इथल्या वस्तादाला ती मुभा नाही. मी तुला कसा पाडला, हे त्याला पूर्ण उलगडून सांगावेच लागते.

फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरलाच ‘कोप इंडिया’ सराव झाला. अमेरिकेची एफ-१५ विमाने अलास्काहून आली होती. आपल्याकडून सुखोई, मिराज व मिग-२१ बायसन उतरली. मिग-२१ म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या ओझरला वर्षानुवर्षे बांधले गेलेले विमान. ते आकाराने लहान असल्यामुळे सहज नजरेस पडत नाही, आणि पाहुण्यांना त्याने चांगलेच चकवले. अमेरिकन अधिकाऱ्यांनी आमचे डोळे उघडले असे जाहीरपणे सांगितले. आपल्या वर्तमानपत्रांनी ‘भारताने अमेरिकेला हरवले’ असे मथळे दिले. अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्या सरावात अमेरिकन विमाने संख्येने कमी होती आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या वापरावर बंधने होती, हेही मुलांनी वाचले पाहिजे. सराव हा सामना नव्हे, त्याचा निकाल लावू नये असे माझे मत आहे. मिग-२१ तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे समारंभपूर्वक निवृत्तही झाले.

सरावाचा शत्रू खोटा असला तरी धोका खरा असतो. २८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी निघालेली एक सुखोई आणि एक मिराज अशी दोन विमाने कोसळली. अवशेष मध्य प्रदेशात मुरैना आणि राजस्थानात भरतपूरपर्यंत पडले. सुखोईमधील दोघे वैमानिक बाहेर पडून वाचले. मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंत राव सारथी यांना मात्र वीरमरण आले. ते बेळगावचे होते.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी: बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित हवे. खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो, आणि २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे. अर्जाची माहिती कार्यालयातील सूचनाफलकावर लावली जाईल. विज्ञान शाखेच्या मुलांनी वरील सूत्राबाबत काही शंका असल्यास शनिवारी मधल्या सुट्टीत मला भेटावे.