वरकस जमिनीचा ताळेबंद

मालवणहून कसालकडे निघाले की भाताचे मळे मागे पडतात आणि उतारावरची वरकस जमीन दिसू लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली जांभा, वर वीतभर माती. पूर्वी इथे कवळ तोडून, भाजून नाचणी-वरी पेरीत. दोन-तीन वर्षांत कस उतरला की जमीन पडीक टाकीत. माती वाहून खाडीत जाई. तिची नोंद कुठल्याच वहीत होत नसे.

१९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीला फळबागेची जोड दिली आणि वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातल्या जातींची काजूकलमे डोंगरावर चढली. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागते. प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. उताराला आडवा चर खणायचा, दगडाची मेर घालायची, तर मजुरी आज रोख मोजावी लागते. फायदा मात्र वर्षानुवर्षे थोडाथोडा येतो. कर्जाचा हप्ता माती साचेपर्यंत थांबत नाही. माझ्या बँकेतल्या दिवसांत विहिरीला, पंपाला कर्ज मागायला लोक येत. मेरेसाठी फारसे कुणी नाही.

त्यातून आपला सातबारा! एकेका उताऱ्यावर चौदा-पंधरा नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. (गणपतीला सगळे येतात, सहीला कुणी नाही.) आपण घाम गाळून अडवलेली माती उद्या कुणाच्या हिश्शाला जाईल हे ठाऊक नसताना एकटा माणूस चर कशाला खणील? म्हणून अनेक घरांत आधी वाटप, मग चर, असा क्रम लागतो. वाटपाचे कागद कचेरीत पडून असतात. पाऊस जूनमध्ये येतोच.