माकडाच्या हाती कुंचला

सतराव्या शतकातल्या अँटवर्पमध्ये माणसाचे कपडे चढवलेल्या माकडांच्या चित्रांना चांगलं गिऱ्हाईक होतं. धाकटा डेव्हिड टेनिर्स अशी माकडं हौसेनं रंगवायचा: पत्ते कुटणारी, चिलीम ओढणारी, शिपायाच्या वेशात पहाऱ्यावर बसून ढोसणारी. त्याचा भाऊ अब्राहम यानं काढलेलं न्हाव्याचं दुकान व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. न्हावी माकडं, गिऱ्हाईक मांजरं. एरवी अंगाला हात लावू न देणारं मांजर वस्तऱ्यापुढं निमूट बसलेलं पाहून हसू येतं, आणि लगेच खुर्चीत अंग चोरून बसलेले आपण आठवतो.

फ्रान्सात या प्रकाराला ‘सिंजरी’ असं नावच पडलं. शांतियीच्या महालात १७३७ साली क्रिस्तोफ ह्युएनं एक आख्खी खोली माकडांनी सजवली. देखणं काम, पण मला ते गुळमट वाटतं. उमरावांच्या घरात उमरावांची थट्टा करायची म्हणजे चिमटा बेतानंच काढावा लागतो.

खरा चिमटा फ्रेंच चित्रकार शार्दाँचा. कला म्हणजे निसर्गाचं माकड, ही युरोपातली जुनी म्हण. शार्दाँनं १७४०च्या सुमारास ती शब्दशः घेतली आणि कोट-टोपीतलं माकडच पुतळा गिरवायला ईझलसमोर बसवलं. पुतळे गिरवत बसायचं अकादमीतलं शिक्षण त्याला टोचत असणार. तो स्वतः तांब्या-पातेली, फळं रंगवून मोठा झालेला. जोडीच्या चित्रात दुसरं माकड भिंगातून जुनं नाणं न्याहाळतंय. इतका गंभीर चेहरा फक्त जाणकाराचाच असतो!

शंभर वर्षांनी, १८३७ मध्ये, फ्रेंच चित्रकार दकाँनं हे भिंग पुन्हा बाहेर काढलं. पॅरिसच्या ‘सालों’ या चित्रप्रदर्शनाच्या परीक्षकांनी त्याची चित्रं नाकारली होती. त्यानं एका निसर्गचित्राभोवती माकडांची समिती गोळा केली. एक तर कॅनव्हासला नाक लावून बसलंय. चित्राचं नाव ‘तज्ज्ञ’.

मग डार्विन आला आणि माकडाला हसणं पूर्वीसारखं सोपं राहिलं नाही. म्युनिकचा गाब्रिएल फॉन माक्स डार्विनचा भक्त, घरी माकडं पाळणारा. १८८९ च्या त्याच्या चित्रात सोनेरी चौकटीसमोर तेरा माकडं दाटीवाटीनं बसली आहेत. हीसुद्धा कलेची परीक्षकच, टोमणा तोच. पण प्रत्येकाचं तोंड वेगळं, ओळखीच्या माणसासारखं, आणि कोट, टोपी, भिंग यांतलं काहीच कुणाकडे नाही.