विवृत्ताच्या समीकरणावरून प्रमुख बिंदूंचा निर्णय

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ ह्या गुरुत्वतरंग-वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या हा तिच्या अभ्यासाचा विषय होय. आणि अशा ताऱ्यांची कक्षा सामान्यतः विवृत्ताकार असते. म्हणून समीकरणावरून विवृत्ताचे प्रमुख बिंदू कसे काढावेत, ह्याचे विवेचन येथे अप्रस्तुत ठरू नये.

उदाहरणार्थ,

१६क्ष² + २५य² − ९६क्ष − २५६ = ०

हे समीकरण घेऊ. क्षची पदे एकत्र करून वर्ग पूर्ण करण्यासाठी दोन्ही बाजूंस १४४ मिळवावेत व ४०० ने भागावे, म्हणजे

(क्ष − ३)²/२५ + य²/१६ = १

हे रूप प्राप्त होते. मध्य (३, ०). मोठा छेद क्षच्या पदाखाली असल्याने बृहदक्ष क्ष-अक्षावर पडतो; अ = ५, ब = ४. मध्यापासून दोहोंकडे पाच एकके गेल्यास शिरोबिंदू (−२, ०) व (८, ०) मिळतात, आणि वर-खाली चार एकके गेल्यास लघ्वक्षाची टोके (३, ४) व (३, −४). नाभींसाठी क² = अ² − ब² = ९, म्हणून क = ३; नाभी (०, ०) व (६, ०). विद्यार्थी येथे पुष्कळदा बेरीज करतात. ते सूत्र अपास्ताचे आहे.

‘नाभि’ हा शब्द चाकासही लावतात, आणि चाकात ती मध्यावरच असते. विवृत्तात मात्र नाभी दोन, आणि मध्यावर एकही नाही. पारिभाषिक शब्द व्युत्पत्तीवरून समजून घेऊ पाहणाऱ्यांची येथे फसगत होते, हे भाषेच्या अभ्यासकाने नमूद करणे इष्ट.

वरील विवृत्ताची उत्केंद्रता क/अ = ०·६. हल्स व टेलर ह्यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या युग्म-पल्सारची उत्केंद्रता सुमारे ०·६१७ आहे, म्हणजे आपली आकृती जवळजवळ त्याच्याच सापेक्ष कक्षेची. सहचर तारा (०, ०) ह्या नाभीत मानल्यास किमान अंतर २ व कमाल ८ येते. ताऱ्यांतील अंतर किमान असते तेथेच गुरुत्वतरंगांचे उत्सर्जन तीव्रतम. त्या ऊर्जाक्षयामुळे ह्या जोडीचा पावणेआठ तासांचा आवर्तकाल दरवर्षी सुमारे ७६ दशलक्षांश सेकंदांनी घटतो. समीप बिंदूपाशी होणारा हा क्षय दूरचा शिरोबिंदू अधिक आत ओढतो. अ लहान होतो, क त्याहून वेगाने. चार किलोमीटर भुजांच्या वेधयंत्रास ऐकू येण्याइतकी कंप्रता अशा जोडीस सुमारे तीस कोटी वर्षांनी, विलीनीकरणाच्या अगदी अखेरीस प्राप्त होईल, तेव्हा क जवळजवळ शून्य असेल आणि दोन्ही नाभी मध्यात मिळालेल्या असतील.