जुनी तुला, नवी त्याला?

दसरा जवळ आला की आमच्या नांदेडात गाड्यांच्या शोरूमसमोर मांडव पडतात. झेंडूचे हार घातलेल्या स्कूट्या ओळीनं उभ्या असतात. हळदी-कुंकू होतं, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, मग घरच्यांचा फोटो. त्या फोटोत किल्ली कुणाच्या हातात असते ते कधी बघितलंय? बहुतेक वेळा चिरंजीवांच्या. आईच्या हातात पूजेचं ताट असतं. घरातली सात-आठ वर्षं जुनी गाडी मग आईच्या वाट्याला. वर एक वाक्य ठरलेलं, "तुला तिचीच सवय आहे ना!"

मैत्रिणींनो, या 'सवयी'बद्दल आज थोडं बोलू या. नवं मॉडेल आणि जुनं मॉडेल यांत खरा फरक काय असतो, आणि तो फरक कुणाच्या उपयोगाचा, हे आपण बायकांनी तपासून बघायला हवं. टीव्हीवरच्या जाहिरातीत ते सांगत नाहीत, आणि घरातले पुरुषही आपल्याला विचारत नाहीत.

मी पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. श्रीनगर, भाग्यनगर, तरोडा नाका, आठवड्यातून एकदा सिडको, असा माझा रोजचा फेरा. पंचवीस-तीस किलोमीटर सहज होतात. गाडी २०१८ सालची ॲक्टिव्हा, 'फाइव्ह-जी'. (शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "हिच्यात नेट चालतं का गं?" नाही हो काकू, ते 'जी' पिढीचं!) माझी धाकटी बहीण लातूरला औसा रोडला राहते. तिच्याकडे त्याच गाडीचं पुढचं मॉडेल, 'सिक्स-जी'. मागच्या मे महिन्यात लग्नासाठी आठ दिवस लातूरला होते. सगळी खरेदी, आमंत्रणं मी तिच्याच गाडीवर केली. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या गर्दीत गाडी चालवली की गाडीही कळते आणि आपणही कळतो! बहीण म्हणाली, "ताई, तू अजून ती जुनीच चालवलालीस का?"

नेमकं तेव्हाच आमच्या घरी नव्या गाडीचा विषय निघाला होता. मुलाला अठरा पूर्ण झाली, लायसन्स आलं, विष्णुपुरीला कॉलेज. म्हणजे नवी त्याला आणि जुनी मला, असं न बोलताच ठरलेलं. मी आरडीच्या डायरीचं मागचं पान उघडलं आणि दोन्ही गाड्यांतले फरक लिहायला बसले.

थोडं मागे जाऊन

आपल्याकडच्या बायकांना गाडीवर बसवलं ते पुण्याच्या कायनेटिकनं. १९७२ साली लुना आली. १९८४ मध्ये होंडाच्या सोबतीनं कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हता आणि बटण दाबलं की ती सुरू व्हायची. साडीतल्या बाईला किक मारायची गरज उरली नाही, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे होंडानं स्वतःची ॲक्टिव्हा २००१ मध्ये आणली. तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी तिचं नवं मॉडेल येतं. कधी नुसता रंग आणि दिवा बदलतो, कधी खरंच काही बदलतं. फाइव्ह-जीला एलईडी हेडलाइट मिळाला. जानेवारी २०२० मध्ये सिक्स-जी आली तेव्हा मात्र बरंच काही बदललं.

चाक आणि खड्डा

सगळ्यात मोठा फरक पुढच्या चाकात आहे. फाइव्ह-जीचं पुढचं चाक दहा इंचाचं, सिक्स-जीचं बारा इंचाचं. दोन इंचांनी काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पण चाक लहान असलं की ते खड्ड्यात उतरतं, मोठं असलं की बऱ्याचदा काठावरून निघून जातं. शिवाय पुढचं सस्पेन्शन बदलून मोटारसायकलसारखं टेलिस्कोपिक केलंय. गाडीचं पोट जमिनीपासून १८ मिलिमीटर वर गेलंय, म्हणजे उंच स्पीडब्रेकरवर खालून घासण्याची भीती कमी. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर रस्ते कसे होतात ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी मनगटं आणि कंबर किती दुखतात, त्यावरून फरक कळतो.

यात एक लक्षात ठेवा. टीव्हीएसच्या ज्युपिटरला बारा इंची चाकं आणि असं सस्पेन्शन २०१३ पासूनच आहे. तेव्हा 'नवीन' म्हणजे जगात नवीन असं नव्हे, त्या गाडीला नवीन. दुकानदार सांगेल त्यावर न जाता दुसऱ्या कंपनीच्या गाडीवरही बसून बघा.

पेट्रोलचं झाकण

फाइव्ह-जीत पेट्रोलचं झाकण सीटखाली आहे. रचनाच तशी. पंपावर उतरायचं, सीट उघडायची, मग पेट्रोल. सिक्स-जीत झाकण बाहेर मागच्या बाजूला आलं, सीट उघडावी लागत नाही. तरण्या पोराला हा फरक किरकोळ वाटेल. पण माझ्या डिकीत लोकांची पासबुकं आणि दिवसभर जमवलेले पैसे असतात. पंपावर दहा माणसांसमोर ती डिकी उघडावी लागत नाही, याची किंमत मला विचारा. भाजी, औषधं, लेकराचं दप्तर डिकीत असणाऱ्या बाईलाही हे पटेल.

चालू, बंद, पुन्हा चालू

सिक्स-जी आवाज न करता सुरू होते, बंद करायला हँडलवर बटण आहे. मी दिवसाला तीस-चाळीस घरांसमोर थांबते. इतक्या वेळा गाडी चालू-बंद करणाऱ्या माणसाला या बटणांचं सुख कळतं. दुपारी लेकरू झोपलेल्या घरासमोरही आवाज होत नाही!

जुनीची बाजूही बघू

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सहा नियम आले, म्हणून सिक्स-जीत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. धूर कमी झाला. पण ताकद वाढली असं समजू नका, कागदावर ती किंचित कमीच झाली आहे. चालवताना मला काही फरक जाणवला नाही. कार्बोरेटरची गाडी मात्र गल्लीतला कुठलाही मेकॅनिक उघडून साफ करू शकतो. इंजेक्शनच्या गाडीची तपासणी करायला मशीन लागतं. ते आपल्या गावात कुणाकडे आहे, हे गाडी घेण्याआधी विचारावं. बॅटरी पार उतरली तर कार्बोरेटरची गाडी किकवर चालू होते. इंजेक्शनवाली किक मारूनही चालू होणं अवघड, कारण तिच्या इंजेक्शनलाच वीज लागते.

काही गोष्टी बदललेल्याच नाहीत. सीटची उंची जवळपास तेवढीच, साधारण ७६५ मिलिमीटर. वजन १०९ किलोवरून १०७ वर आलं, पण डबल स्टँडवर लावताना दोन किलो काही कळत नाहीत. आणि पायाजवळची सपाट जागा आहे तशीच. ती आपल्यासाठी सगळ्यात मोलाची! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत माझ्या बहिणीनं पाण्याचे कॅन याच जागेत ठेवून घरी नेले.

ॲव्हरेजचा हिशोब

नवी गाडी जास्त ॲव्हरेज देते म्हणून घ्या, असं सगळेच सांगतात. मी हिशोब मांडला. समजा, महिन्याला चारशे किलोमीटर गाडी चालते. जुनी लिटरला ४५ देते, नवी ५० देते असं धरलं, तर महिन्याला जेमतेम एक लिटर वाचतं. लिटरला एकशेपाच रुपये धरले तरी शंभर रुपयांच्या आतच. वर्षाला अकराशे-बाराशे. तेवढ्यासाठी कुणी नवी गाडी घेत नाही. आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढायचं तर टाकी भरून किलोमीटर लिहून ठेवा, दीडशे-दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा तेवढीच भरा, आणि चाललेल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा लागलेल्या लिटरनी भागा. स्वयंपाकघरातल्या हिशोबाइतकंच सोपं आहे.

मग नवी कुणाला?

सगळं लिहून झाल्यावर मी ते पान घरात सगळ्यांसमोर ठेवलं. मुलगा सकाळी विष्णुपुरीला जाणार, संध्याकाळी परत येणार. दिवसात गाडी चालू-बंद करणार दोन-चार वेळा. डिकीत एक रेनकोट. वेळ पडली तर किक मारायला पायात जोर. त्याला जुनीत काहीच कमी पडत नाही. मी फिरणार गल्लीबोळांतून, थांबणार चाळीस ठिकाणी, डिकीत लोकांचे पैसे, आणि पन्नाशीला आलेली कंबर. नव्या गाडीत जे जे बदललंय ते सगळं माझ्या कामाचं आहे. हे म्हणाले, "पण तुला तर जुनीची सवय आहे." मी म्हणाले, "तो लहान आहे, त्याला लवकर होईल सवय."

मुलगा दोन दिवस फुगून बसला. वाईट मलाही वाटलं. आईनं नवी वस्तू स्वतःला मागायची, हे आपल्याला जडच जातं. आतून कुणीतरी म्हणत असतं, 'लेकराचं मन कशाला मोडतेस?' पण त्याच पानावर घरातल्या मिळकतीत माझ्या आरडीच्या कमिशनचाही आकडा होता. गाडी माझ्या कामाचं हत्यार आहे. सुताराचा मुलगा बापाचा नवा रंधा मागत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. जुन्या दरानं ऐंशी हजारांना पडणारी गाडी म्हणजे सव्वासहा हजारांच्या आसपास स्वस्त. त्याच दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. आता मिळणाऱ्या ॲक्टिव्हाला 'सिक्स-जी' म्हणत नाहीत, पण मोठं चाक आणि बाहेरचं झाकण तसंच आहे. २०२३ मध्ये खिशात ठेवायची स्मार्ट किल्ली आली, २०२५ मध्ये फोनला जोडणारा रंगीत पडदा. या दोन्हींचं मला काम नव्हतं, म्हणून मी साधं मॉडेल घेतलं. आरसी बुकावर नाव माझं.

शोरूमला जाताना

रोज जे नेसता किंवा घालता तेच घालून जा, पायात रोजचीच चप्पल. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघा. डबल स्टँडवर गाडी स्वतः लावून बघा, सेल्समनला लावू देऊ नका. चकचकीत रस्त्यावर नको, खड्ड्यांच्या रस्त्यावर चालवायला मागा. मागच्या मॉडेलपेक्षा काय काय बदललं ते एकेक करून विचारा, आणि त्यातलं स्वस्तातल्या मॉडेलमध्ये काय मिळतं तेही विचारा. लेकरू अठराच्या आतलं असेल तर अशी गाडी त्याच्या हाती देऊच नका. २०१९ च्या सुधारित कायद्यानं पालकाला पंचवीस हजार दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. जुनी गाडी विकलीत तर आरटीओत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदलल्याशिवाय थांबू नका.

आणि घरात कुणी 'तुला सवय आहे' म्हणालं, तर शांतपणे कागद-पेन पुढे करा. म्हणावं, रोज कोण किती चालवतं, ते आधी लिहा!